कढीपत्त्याला पाणी कमी घाल

पुणे,
४ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

पत्र मिळालं. कढीपत्ता पिवळा पडतोय म्हणून तू पाणी वाढवलंस, ते आजच बंद कर. एडिंबरोच्या थंडीपेक्षा त्या पाण्याचंच भय जास्त. पारा १५ अंशांखाली गेला की या झाडाची वाढ थांबते, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि गार चिखलात कुजतात. मुळंच गेल्यावर पानं तहानेल्यासारखी मान टाकतात, मग आपण आणखी एक तांब्या ओततो.

आता पाणी देशील तेव्हा लगेच कुंडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घे. ती चांगली हलकी लागेपर्यंत पुढचं पाणी नाही, मग त्याला दहा दिवस लागोत की पंधरा. पाणी कोमट असू दे, तळातून निथळेपर्यंत घाल आणि बशीत साठलेलं अर्ध्या तासात ओतून टाक. कुंडी १५ सेंटिमीटरची पुरे. मोठीत माती वाळतच नाही. माती बदलायची ती मार्चनंतर: कुंडीची तयार माती दोन भाग, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके दाणे) एक भाग.

खरी अडचण उजेडाची. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचा, तुमच्याकडे जेमतेम ७, त्यात ढग. छताच्या दिव्याने काही होत नाही. पांढऱ्या उजेडाची एलईडी नळी शेंड्यापासून २०-३० सेंटिमीटरवर टांग आणि टायमर लावून रोज १२-१४ तास चालू ठेव. रात्री काच गारठते, म्हणून कुंडी खिडकीपासून हातभर आत घे, पण हीटरच्या डोक्यावर नको. तिथल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड येते. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मार. पडलेले ठिपके चालायला लागले तर तीच. झाड न्हाणीघरात नेऊन पानं खालच्या बाजूने कोमट पाण्याने धू, दर चार दिवसांनी, तीन-चार वेळा.

खत एप्रिलपर्यंत नाही. आणि आईने सांगितलेलं आंबट ताक अंगणातल्या झाडाला ठीक, बंद खोलीत वास येतो आणि चिलटं होतात.

समजा सगळीच पानं झडली, तरी टाकून देऊ नकोस. खोडाची साल नखाने जराशी खरवड. खाली हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे. पाणी जवळजवळ तोडून एप्रिलपर्यंत थांब. तपकिरी, कोरडं लागलं तर आणखी खाली, मातीजवळ खरवडून बघ, तिथून फुटतो कधीकधी. हिवाळ्यात फोडणीसाठी तोडू नकोस. उन्हाळ्यात तोडशील तेव्हा सुटी पानं न ओरबाडता शेंडा खुडत जा, म्हणजे खालून दोन फांद्या फुटतात.

दुसरं रोप घेताना जपून. तिकडे 'करी प्लांट' म्हणून विकतात ते रुपेरी पानांचं, पिवळ्या फुलांचं वेगळंच झुडूप. वास मसाल्याचा, पण फोडणीला उपयोग शून्य. मी इथून रोप पाठवू शकत नाही, जिवंत झाडाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

गवती चहा मात्र सोपा. आशियाई दुकानातून बुडखा शाबूत असलेल्या काड्या आण, दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात उभ्या कर, पाणी एक दिवसाआड बदल. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. पानओवा त्याहून सोपा, बोटभर फांदी मातीत खोच आणि विसर.

हळदीची पानं तुला पातोळ्यांसाठी हवीत. ती आता पिवळी पडणारच, तो तिचा झोपायचा काळ. पाणी बंद कर, कंद कुंडीतच राहू दे. मार्चमध्ये कुंडी २० अंशांच्या वर, बॉयलरच्या कपाटात ठेव. कोंब दिसायला महिना-दीड महिना लागतो, त्याआधी उकरून बघू नकोस. कोंब दिसला की उजेडात आण, नागपंचमीपर्यंत हातभर पानं होतील.

वहिनींना नमस्कार. साल खरवडून काय दिसलं ते कळव.

तुझा,
नंदू