उभी टँक वॅगन म्हणजे गोदामच

महोदय,

घातक रसायनांच्या रेल्वे वाहतुकीची चर्चा होते ती बहुधा गाडी घसरल्यावर. अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईस्ट पॅलेस्टाइन येथे ३ फेब्रुवारी २०२३ रोजी व्हिनाइल क्लोराइड नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली, तेव्हा त्याची बातमी जगभर झाली. त्याच राज्यातील सिनसिनाटी शहरात ऑगस्ट २००५ मध्ये जे घडले ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही, आणि मला ते अधिक चिंताजनक वाटते. तेथे गाडी घसरली नव्हती की कशावर आदळली नव्हती. स्टायरीन या प्लास्टिकच्या कच्च्या मालाने भरलेली एक टँक वॅगन कित्येक महिने एका जागी उभी होती, एवढेच.

स्टायरीन आपोआप घट्ट होऊ पाहणारा द्रव आहे. ते होऊ नये म्हणून त्यात अत्यल्प प्रमाणात प्रतिरोधक रसायन मिसळलेले असते. हे रसायन दिवसागणिक खर्ची पडते आणि उन्हाळ्यात तर झपाट्याने. ते संपत आले की अभिक्रिया सुरू होते, तिच्यातून उष्णता निघते, त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते आणि अखेर वाढत्या दाबामुळे सुरक्षा झडप उघडून वाफ बाहेर पडते. सिनसिनाटीत ही वाफ पसरल्यावर आसपासच्या शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली.

कारखान्यातील साठवण टाकीचे तापमान नियंत्रण कक्षात दिसते, ठरावीक काळाने नमुना तपासला जातो आणि गळती झालीच तर द्रव अडवायला टाकीभोवती भिंत असते. सायडिंगला, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर, उभ्या वॅगनला बहुधा यांतले काहीच नसते, कारण ती नेआण करण्यासाठी बांधलेली असते, साठवणुकीसाठी नव्हे.

कायद्याची पळवाट येथेच आहे. अमेरिकी नियमानुसार रेल्वे कंपनीने असा माल यार्डात आल्यापासून, शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळून, ४८ तासांत पुढे धाडणे अपेक्षित आहे. परंतु वॅगन ग्राहकाच्या खासगी किंवा भाड्याने घेतलेल्या रुळावर पोहोचली की हे बंधन उरत नाही. दुसरीकडे, जोवर माल वाहतुकीत असल्याचे मानले जाते, तोवर साठ्याची माहिती स्थानिक यंत्रणेला देण्याच्या तरतुदींतूनही तो सुटतो. मागणी घटली की टाक्या बांधण्यापेक्षा वॅगन उभ्या ठेवणे स्वस्त पडते, ही उद्योगांची अडचण खरी आहे. पण त्या बचतीचा धोका शेजारच्या वस्तीने का पत्करावा?

इच्छा असेल तर मार्ग निघतो. वॉशिंग्टनमधील ब्लू प्लेन्स सांडपाणी प्रक्रिया केंद्रात द्रवरूप क्लोरीन वॅगनमधूनच साठवले जात असे. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अवघ्या काही आठवड्यांत तेथील व्यवस्थापनाने ते हटवून सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचसारख्या कमी धोकादायक द्रावणाचा, वापर सुरू केला. प्रत्येक रसायनाला असा पर्याय नसतो, हे मान्य. तरीही ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ उभ्या राहिलेल्या भरल्या वॅगनला, रूळ कोणाच्याही मालकीचा असो, रासायनिक गोदामाचेच सर्व नियम लागू व्हावेत, तिच्यातील प्रतिरोधकाची तपासणी सक्तीची असावी आणि ती केव्हापासून उभी आहे व तिच्यात काय आहे, हे जवळच्या अग्निशमन दलाला लेखी कळवले जावे.

– एक निवृत्त रसायन अभियंता