छुपा ‘सी’ विषाणू : दोन प्रश्नांची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिपॅटायटिस ‘सी’ या यकृताच्या विषाणूजन्य आजारातून बरे झालेल्यांच्या शरीरातही विषाणू दडून राहतो, असे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. हा विषय मराठीत आला याचे समाधान आहे. मात्र बरे झालेल्यांत विषाणू उरतो का, आणि ज्यांच्यात ‘सी’चे निदानच झालेले नाही अशांत तो दडलेला असतो का, या दोन निराळ्या प्रश्नांची लेखात गल्लत झाली असून, उपचार पूर्ण केलेल्या वाचकांना त्यामुळे विनाकारण धास्ती वाटेल.

लेखाचा मुख्य आधार असलेले माद्रिदचे २००४ सालचे संशोधन बऱ्या झालेल्या रुग्णांवरचे नव्हतेच. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या, पण कारण सापडत नाही आणि रक्तात ‘सी’ची प्रतिपिंडेही (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) नाहीत व विषाणूचा आरएनएही (त्याचा जनुकीय अंश) नाही, अशा १०० जणांच्या यकृताचे नमुने त्यात तपासले गेले आणि ५७ जणांत आरएनए मिळाला. ‘बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत विषाणू’ हा अर्थ त्यातून काढता येत नाही.

बऱ्या झालेल्यांविषयीचा वाद खरा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. त्याच वर्षी कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे मिखालाक यांच्या गटाला अशा रुग्णांच्या पांढऱ्या रक्तपेशींत आरएनएचे अंश आढळले. उलट फ्रान्समधील संशोधकांनी २००८ साली बऱ्या झालेल्या ३४४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात एकाचाही आजार उलटला नव्हता. यकृताचे नमुने मिळालेल्या ११४ जणांपैकी केवळ दोघांत आरएनए सापडला. ही तफावत बरीचशी तपासणीच्या पद्धतीमुळे असावी, असे मला वाटते. पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांना उत्तेजित करून अत्यल्प आरएनए शोधताना बाहेरून नमुना दूषित होण्याचा धोकाही वाढतो. शिवाय ‘बी’ विषाणू पेशीकेंद्रकात डीएनएच्या रूपाने ठाण मांडतो, तशी सोय ‘सी’कडे नाही, मग तो वर्षानुवर्षे टिकतो कसा, याचे समाधानकारक उत्तर छुप्या संसर्गाच्या पुरस्कर्त्यांनी द्यायला हवे.

तरीही त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बऱ्या ठरलेल्या पण आरएनएचा अंश आढळलेल्या रुग्णांचा रक्तद्रव व रक्तपेशी तीन चिंपांझींना दिल्या गेल्या आणि त्यांपैकी एकाच्या रक्तात काही महिन्यांनी विषाणू भरपूर प्रमाणात दिसू लागला. हा प्रयोग आपल्या लेखात नाही, याचे आश्चर्य वाटले. अर्थात ते रुग्ण इंटरफेरॉनच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या जुन्या इंजेक्शनांच्या, काळातले होते. विषाणूच्या वाढीवरच थेट घाव घालणाऱ्या सोफोसबुव्हिर, डॅक्लाटासव्हिर यांसारख्या गोळ्या २०१८ पासून हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. त्या घेतलेल्यांना जुने निष्कर्ष जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

लेखात राहून गेलेली आणखी एक बाब अशी की, बरे झाल्यावरही प्रतिपिंडांची चाचणी बहुधा कायम ‘पॉझिटिव्ह’ येते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तसा अहवाल हाती आला, तरी त्यावरून छुपा संसर्ग ठरत नाही. रुग्ण बरा झाला की नाही, याचा निर्णय उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या आरएनए चाचणीवरच होतो. मात्र उपचारांपूर्वीच ज्यांना सिऱ्होसिस (यकृत घट्ट व व्रणमय होण्याचा विकार) झाला होता, त्यांनी या वादाचा निकाल काहीही लागला तरी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घेतलीच पाहिजे, कारण विषाणू गेल्यानंतरही त्यांचा कर्करोगाचा धोका पूर्णपणे जात नाही.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा