पासबुकातली ती ओळ

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "दर पाच तारखेला तीन हजार जातात ते कुठं? कसला हप्ता आहे?" घरात पाहुणे होते म्हणून 'नंतर सांगते' म्हटलं. तुम्हाला वाटलं असणार, पोरगी कर्जात अडकली. कर्ज नाही, पण हप्ताच म्हणा.

२००९ साली आल्याला कंदकूज लागली ते वर्ष आठवतं ना? मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला होते. मेसवाल्या काकू पैशाला थांबल्यात, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. खोटं होतं ते. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत माझे महिन्याचे १,४०० रुपये वसतिगृहाच्या मदतनिधीतून भरले गेले. कोणाचे होते, आजवर माहीत नाही. ऑफिसातल्या बाईंनी रजिस्टरवर सही घेतली आणि म्हणाल्या, "जा, जेवून घे, आज पिठलं आहे." फोटो नाही, भाषण नाही. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हैस बाजारात नेली असती, म्हणून गप्प बसले.

पैसे तिथंच जातात. वर्षाचे एकदम का देत नाही, हे तुम्ही विचारणारच. आधी मीही मार्चमध्येच द्यायचे. एकदा बाई म्हणाल्या, "मार्चअखेर कर वाचवायला देणग्या येतात, वाढदिवसाला गोडाचं जेवण येतं, नावाच्या फरशीलाही माणसं मिळतात. गॅस आणि तेलासाठी कोणी येत नाही गं." तेव्हापासून बँकेलाच सांगून ठेवलंय. माझ्या आठवणीवर सोडलं तर काय होतं, ते लाइट बिलावरून तुम्हाला माहीत आहे! कोविडात पगार कापला तेव्हा काही महिने पाचशेवर आणले, पण बंद नाही केले. आणि करात यातलं काही सुटत नाही. मी नव्या करप्रणालीत आहे, तिथं देणगीवरची ८०जीची सूट चालत नाही.

आजोबा साताऱ्याला धनिणीच्या बागेत, कर्मवीरांच्या बोर्डिंगात शिकले ते मुष्टिफंडावरच ना? घरोघरच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढायच्या, त्यावर पोरं जेवायची. आजोबा म्हणायचे, एका भाकरीत दहा घरची ज्वारी असायची, एक घास गोड तर एक कडसर. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं, या गोष्टीपाशी आले की मात्र दरवेळी चष्मा पुसत बसायचे.

आणि आई, तू अजून भाताचे तांदूळ घेतलेस की त्यातली एक मूठ निळ्या डब्यात टाकतेस. आपल्या गल्लीत ते न्यायला आता कोणी येत नाही. डबा भरला की तूच अंगणवाडीतल्या मावशींकडे देऊन येतेस. लहानपणी मी कारण विचारलं तर म्हणालीस, "सासूबाई टाकायच्या." माझ्याकडे डबा नाही, एवढाच काय तो फरक.

बाबा, रागावला असाल तर मेसच्या खोट्याबद्दल रागवा, तीन हजारांबद्दल नको. गणपतीला येते तेव्हा आल्याच्या वड्या करून ठेवा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, आणि पासबुक भरायला भर उन्हात बँकेत जाऊ नका.

तुमची,
ताई