भीती परग्रहवासीयाची नव्हे, आपलीच

महोदय,

रॉबर्ट वाइझ यांचा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा १९५१ सालचा कृष्णधवल चित्रपट संगणकीय करामतींच्या आजच्या काळात साधा वाटत असला, तरी त्याची पकड सुटत नाही, कारण त्यातील भीतीचा रोख परग्रहवासीयावर नसून माणसावरच आहे. वॉशिंग्टनमध्ये यानातून उतरलेला परग्रहवासी क्लाटू राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली भेट पुढे करतो आणि घाबरलेला सैनिक गोळी झाडतो. शीतयुद्धातील अमेरिकेचे इतके नेमके चित्र क्वचितच आढळते. जगभरची वीज अर्धा तास बंद पाडतानाही क्लाटू रुग्णालये व आकाशातील विमाने वगळतो, ही सभ्यता आजच्या विध्वंसप्रिय चित्रपटांत कुठे आहे? बर्नार्ड हरमन यांच्या संगीतातील थेरेमिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा कापरा सूर मात्र मोबाइलवर ऐकण्याचा नव्हे, त्यासाठी चित्रपटगृहच हवे.

– एक वाचक