सवलत छापता, मग मर्यादाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की कॉलेज रोडपासून एम. जी. रोडपर्यंत लॅपटॉप-संगणकांच्या 'स्टुडंट ऑफर'चे फलक चढतात आणि वर्तमानपत्रांच्या नाशिक आवृत्त्यांत अर्ध्या अर्ध्या पानाच्या जाहिराती येऊ लागतात. वर ठसठशीत मराठीत 'विद्यार्थ्यांसाठी खास सवलत', तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीतून अटी. त्या अटींतली कळीची गोष्ट म्हणजे मर्यादा. एका विद्यार्थ्याला किती यंत्रे, कोणत्या मॉडेलवर, आणि 'वर्षातून एकदा' म्हणजे नेमके कोणते वर्ष? हे गिऱ्हाइकाला कळते ते ऑर्डर रद्द झाल्यावर.

मर्यादा असू नये असे म्हणणे नाही. ती नसती तर सवलतीचा सगळा माल व्यापाऱ्यांनीच उचलला असता. ॲपलचेच पाहा. शैक्षणिक दराने वर्षाला एक लॅपटॉप, एक डेस्कटॉप, एक मॅक मिनी आणि दोन आयपॅड. आयफोनला विद्यार्थी दर नाहीच. विद्यापीठाचे विद्यार्थी, नुकताच प्रवेश मिळालेले, त्यांचे पालक आणि शिक्षक-कर्मचारी एवढेच पात्र, आणि भारतात ऑनलाइन पडताळणी युनिडेज या विद्यार्थी असल्याची खातरजमा करणाऱ्या सेवेमार्फत. अटी कडक आहेत, पण स्पष्ट आहेत. अडचण होते ती मोघम योजनांत.

मर्यादा कशावर मोजतात हे आधी विचारावे. कुठे ती ईमेलवर असते, कुठे मोबाइल क्रमांकावर, कुठे कार्डावर, तर कुठे पत्त्यावर. एकाच घरातली दोन भावंडे वडिलांच्या एकाच कार्डावरून दोन लॅपटॉप मागवतात आणि दुसरी ऑर्डर आपोआप रद्द होते, कारण प्रणालीच्या लेखी ते एकच गिऱ्हाईक असते. आडगाव किंवा त्र्यंबक रोडच्या वसतिगृहांत तर शंभर मुलांचा पत्ता एकच. अशा वेळी प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरावेत आणि पत्त्यात खोली क्रमांक घालावा. वर्षाचेही तसेच. कुठे ते जानेवारी ते डिसेंबर असते, कुठे शैक्षणिक वर्ष, तर कुठे खरेदीच्या तारखेपासून बारा महिने. ऑगस्टच्या २० तारखेला लॅपटॉप घेतलेल्या मुलाला पुढच्या जूनमध्ये आयपॅड मिळेल की नाही, हे यावर ठरते.

बऱ्याच ठिकाणी पडताळणी झाली की एकदाच वापरता येणारा कोड मिळतो आणि तो ऑर्डरला चिकटतो. ऑर्डर रद्द केली किंवा यंत्र परत केले तरी कोड आपोआप जिवंत होईलच असे नाही. म्हणून रद्द झाल्याचा आणि रिफंडचा असे दोन्ही संदेश जपून ठेवावेत आणि नवा कोड लेखी मागावा. फोनवरच्या 'होऊन जाईल सर'ला काही किंमत नाही.

वर्षाला एकच संधी असेल तर ती चुकीच्या यंत्रावर घालवू नये, आणि नेमके तेच सर्रास होते. सवलत अनेकदा ठरावीक मॉडेललाच असते, बहुधा ८ जीबी रॅमच्या. ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, आणि अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचे सॉफ्टवेअर) व एम्युलेटर (संगणकावरच चालणारा आभासी फोन) सोबत चालवायचे तर १६ जीबी हवीच. 'वाढीव रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे का?' हा एक प्रश्न दुकानात विचारला तरी पुढचा मनस्ताप टळतो. मेकॅनिकलच्या मुलाने सॉलिडवर्क्स या यंत्रभागांचे डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरसाठी सवलतीतला मॅकबुक घेऊ नये. ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते.

आता सवलत कशावर, ते बघू. समजा खोक्यावर एमआरपी ७८,९९० रुपये आहे आणि तेच मॉडेल बाजारात कुणालाही ६४,९९० रुपयांना मिळते. एमआरपीवर १० टक्के विद्यार्थी सवलत म्हणजे ७१,०९१ रुपये. ओळखपत्र दाखवून मुलाने ६,१०१ रुपये जास्त मोजले! यात बेकायदा काही नाही. एमआरपी उत्पादकच ठरवतो आणि गुन्हा आहे तो त्याहून जास्त घेण्याचा. म्हणून शहाण्या गिऱ्हाइकाने आधी विद्यार्थी असल्याचे सांगूच नये. मॉडेलचा पूर्ण क्रमांक देऊन रोखीचा दर दोन-तीन दुकानांत काढावा, मग सवलत विचारावी. पूर्ण क्रमांक अशासाठी, की शेवटची दोन-चार अक्षरे बदलली तरी रॅम, एसएसडी (माहिती साठवायची डिस्क) किंवा डिस्प्ले वेगळा निघतो. बॅग, माऊस, अँटिव्हायरस यांची 'भेट' किमतीत धरलेली असते. ती नको म्हटल्यावर दर किती उतरतो ते पाहावे.

हप्त्यांचा घोळ थोडक्यात. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी रक्कम दुकानदार किंवा कंपनी आधी सूट म्हणून वजा करते. ६०,००० रुपये ९ हप्त्यांत, वार्षिक १५ टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे ३,५८५ रुपये होते. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६४५ रुपये, गिऱ्हाइकाच्या माथी येतो. प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय विद्यार्थी दर, बँकेची सूट आणि एक्स्चेंज हे तिन्ही एकत्र मिळतात का, तेही जाहिरातीत नसते.

बिलाचीही एक मेख आहे. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ६०,००० च्या बिलात कर ९,१५२ रुपये ५४ पैसे. सातपूर-अंबडमध्ये छोटा कारखाना असलेले पालक हा कर परत मिळावा म्हणून बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर मागतात. विद्यार्थी दर मात्र वैयक्तिक वापरासाठी असतो, त्यामुळे तिथे सवलत नाकारली जाते. आणि मुलाच्या अभ्यासाच्या लॅपटॉपवर फर्मने इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेणे नियमात बसतही नाही. बिल विद्यार्थ्याच्या नावावर, त्यावर सिरीयल नंबर आणि सवलतीची रक्कम स्वतंत्र ओळीत, असेच घ्यावे.

सगळ्यांत गंभीर प्रकार उसन्या ओळखपत्रांचा. 'तुझा कोटा वापरू दे, पाचशे देतो' असे मुलाला सांगून त्याच्या नावावर यंत्र काढायचे आणि ते तिसऱ्याला विकायचे. कागदोपत्री खरेदीदार तो मुलगाच राहतो. पुनर्विक्रीला बंदी असलेल्या योजनेत फरकाची वसुली त्याच्याकडून होऊ शकते, आणि त्या वर्षी त्याला स्वतःसाठी काही घेता येत नाही ते वेगळेच. ज्याला असे यंत्र विकले जाते तोही फसतो. वॉरंटी पहिल्या बिलापासून किंवा यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्यापासून मोजतात, म्हणून 'नवा' लॅपटॉप घरी येतो तेव्हा तिचे काही महिने गेलेले असतात. पैसे देण्याआधी खोक्यावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासावी. दोन मिनिटांचे काम आहे. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे 'फक्त अमुक दुकानात लॅपटॉप खरेदीसाठी' असे तारखेसह लिहावे, आधार मागितले तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि ओटीपी कुणालाही सांगू नये.

पात्रतेतही नाशिककरांची पंचाईत आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच शहरात आहे, पण महाविद्यालयाचा स्वतःचा ईमेल मागणाऱ्या योजनेत अभ्यासकेंद्रावरून शिकणारा अडखळतो. दहावीनंतर पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेलेला मुलगा 'विद्यापीठाचा विद्यार्थी' या व्याख्येत बसत नाही, आणि ड्रॉइंगसाठी यंत्र तर त्यालाही लागते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश फेऱ्यांमधून लांबतात. गणपती उठले तरी ओळखपत्र हातात नसते, आणि तोवर ऑफर संपत आलेली असते. (मग दसरा-दिवाळीचा सेल येतो आणि कधीकधी तोच स्वस्त पडतो, हा भाग निराळा.) प्रवेश निश्चित होताच महाविद्यालयांनी बोनाफाईड आणि संस्थेचा ईमेल दिला, आणि दुकानदारांनी जागावाटपाचे पत्र व फीची पावती ग्राह्य धरली, तर यातली बरीच अडचण सुटेल.

जाहिरातींपुरता तर नियम तयारच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात हवा, आणि आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीत वय, प्रदेश यांसारखी बंधने लपवता येत नाहीत. मराठी दावा आणि इंग्रजी तळटीप हे त्यात कुठे बसते? आपल्या जाहिरात विभागाने विद्यार्थी सवलतीची जाहिरात घेताना चार ओळी मराठीत मागाव्यात: सवलत कोणत्या किमतीवर, एका विद्यार्थ्याला किती नग आणि कोणत्या मुदतीत, कोणती कागदपत्रे, कोणत्या सुटी एकत्र मिळणार नाहीत.

ज्यांची फसगत झाली आहे त्यांनी जाहिरातीचे कात्रण, बिल आणि नकाराचा संदेश हाताशी ठेवून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. कंपनी बंगळुरूची असो वा दिल्लीची, तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे नाशिकला, तक्रार चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

आपला,
संगणक विक्री-दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
कॅनडा कॉर्नर, नाशिक