करवतीचं मशीन भंगारात घालण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, करवतीचं मशीन नुसतं घुमतंय, पातं फिरत नाही, आणि भंगारवाल्याला भाव विचारून ठेवलाय. घाई करू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन नसतं तर आजच जोगेश्वरीला आलो असतो. फोनवरचं लक्षात राहत नाही म्हणून लिहितोय. हा कागद गाळ्यात मशीनपाशीच ठेव.

घुमतंय याचा अर्थ मोटरला वीज पोचतेय. पण बटण दाबून वाट बघत बसू नकोस. अडकलेली मोटर भरमसाट करंट ओढते आणि मग वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, खरंच जळतं. आधी प्लग काढ आणि तुला दिसेल असा समोर ठेव. पट्टा उतरव. मोटरची पुली हाताने फिरवून बघ, मग पात्याचा शाफ्ट. दोन्ही मोकळे फिरले तर दोष बहुतेक कंडेन्सरचा, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या डबीचा, नाहीतर मोटरच्या आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचचा. मोटर थांबली की हा स्विच सुरुवातीचं वाइंडिंग परत जोडून ठेवतो. त्याच्या पॉइंटांत भुसा बसला आणि वर पावसाळ्याची ओल शिरली की जोडणीच होत नाही. ब्रशने भुसा झाड, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ कर. कंडेन्सरला बोट लावण्याआधी होल्डरमधल्या साध्या बल्बच्या वायरी त्याच्या दोन टोकांना टेकव, कारण प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. फुगला असेल किंवा तेल सुटलं असेल तर लोहार चाळीतून नवा आण. त्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता, जुन्याएवढेच हवेत. व्होल्ट जास्त चालतील, कमी नाही.

शाफ्ट जड फिरत असेल, खरखर हाताला जाणवत असेल, तर बेअरिंग गेलं. आपल्याकडे ६२०४ आहे: आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७, जाडी १४. नागदेवीला नुसता नंबर सांगितलास तरी मिळेल, पण दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं माग. उघडं बेअरिंग भुशात टिकत नाही. शाफ्टवर चढवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकव आणि बेताने ठोक. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस तर नव्याकोऱ्या बेअरिंगच्या गोळ्यांची वाट लागते.

वाइंडिंग जळलं असलं तरी ते नव्याने भरून मिळतं. ओतीव लोखंडाचं तसं जड टेबल मात्र आज या पैशात येणार नाही. त्यावर सागाची लांब फळी लावली तरी मशीन हलत नाही. टेबलालाच तडा गेला तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन, त्याआधी नाही.

पण पातं फिरायला लागलं की काम संपलं असं समजू नकोस. मला खरी काळजी पुढच्याची आहे. मशीनला अजून साधं बटण आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय ना? अशा वेळी बटण चालू राहिलं तर वीज येताच पातं आपोआप फिरू लागतं, आणि तेव्हा तुझा हात नेमका अडकलेली फळी सोडवत असेल. डीओएल स्टार्टर बसवून घे. वीज गेली की तो आपोआप बंद होतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. मोटरवर लिहिलेले अँपिअर बघून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, तेवढ्यावर लाव.

दुसरं, पात्याच्या मागे उभी पोलादी पट्टी. ओलं किंवा पीळ असलेलं लाकूड कापल्यावर मागे मिटतं, पात्याला चावतं आणि उलटं अंगावर येतं. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड पण कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवी, आणि दातांपासून तिचं अंतर ८ मिलिमीटरहून जास्त नको. वर पात्याचं झाकण. तुला त्याची अडचण वाटेल, तरी काढायचं नाही.

गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरी दोन दिवस उशिरा गेल्या तरी चालतील, गिऱ्हाइकांशी मी बोलतो. आधी पट्टा उतरवून काय दिसलं ते संध्याकाळी कळव.

तुझे,
बाबा