आखाजीला तिलाही माहेरी जाऊ द्या

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि सुरत-नाशिक-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेली आमची गावकरी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. निंबाला झोके बांधले जातील, घागरी भरल्या जातील, सांजोऱ्यांचा वास गल्लीत फिरेल आणि लेकी माहेरी येतील. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचंही साल आखाजीला संपतं. हिशेब होतो, दोन-चार दिवस तो मोकळा असतो, मग नवं साल ठरतं. आपल्या अमळनेर तालुक्यात मात्र गावोगाव अशी घरं आहेत, जिथल्या बाईचं साल संपतच नाही. सासू लकव्याने गादीवर, किंवा सासरा सगळं विसरलेला, किंवा पोटचं पोर वीस वर्षांचं झालं तरी हाताने भरवावं लागणारं. माहेरून भाऊ घ्यायला येतो, चहा पितो आणि एकटाच परत जातो. बोरी नदीच्या पात्रातली वैशाखातली यात्रा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तीही तिने कित्येक वर्षांत पाहिलेली नसते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं आणि गावातल्या बचत गटांचं हे आवाहन तिच्यासाठी आहे. देणगी हवीच आहे, तिचं पुढे सांगतो. त्याआधी तुमचे दोन तास मागायचे आहेत.

मी मंडळाचा चिटणीस. माझी आई पावणेदोन वर्षं गादीवर होती. तिचं सगळं माझ्या बायकोने केलं. मी औषधं आणली, डॉक्टरांशी बोललो, धुळ्याला न्यायला गाडी ठरवली, आणि पारावर बसून ‘आईचं व्यवस्थित चाललंय’ असं सांगत राहिलो. रात्री दोनला बायको आईची कूस बदलायला उठायची. मीही उठायचो, पण मोटार चालू करायला, कारण शेतातली लाइट रात्रीची. मला वाटायचं, दोघंही सारखेच जागतोय. आई गेल्यावर बसायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘सोन्यासारखी सून हो!’ ती उठून आत गेली. मी मागोमाग गेलो, तर रिकाम्या खाटेपाशी उभी राहून ती माझ्या आईलाच सांगत होती, ‘थकी गऊ वं माय.’ पावणेदोन वर्षांत ते वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. ऐकू येईल इतका वेळ त्या खोलीत कधी थांबलोच नव्हतो.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत चांगली आहे. पण त्या भेटीचं काय होतं ते एकदा नीट पाहा. चार जण येतात. बिस्किटाचा पुडा आणि केळी आणतात. (केळीच्या मुलखात साखर वाढलेल्या माणसाला केळी!) मग घरची बाई पेशंटला अर्धवट पुसलेलं सोडून चहा टाकायला धावते. कुणी सांगतं, आमच्या मावसभावाला अमुक काढ्याने फरक पडला. कुणी विचारतं, पाठीला जखम कशी काय होऊ दिली? ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून सगळे उठतात. सुरतहून दीराचा फोन येतो तोही तेच सांगतो. आजवर कुणी काही सांगितलेलं मी तरी पाहिलं नाही. मागायचीच लाज वाटते, आणि काय मागायचं हेही त्या थकव्यात सुचत नाही.

आता जी ताई, वहिनी किंवा भाऊ हे सगळं करत आहेत, त्यांच्याशी थोडं बोलतो. बाकीच्यांनीही वाचावं, बिघडत नाही.

एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला म्हणून तुम्ही सासऱ्यांवर खेकसलात. नंतर मोरीत जाऊन रडलात. त्यांना काही आठवत नाही आणि तुम्ही मात्र चार दिवस ते विसरत नाही. खेकसणं चांगलं नाहीच, पण रोज साडेतीन तास झोपणारं कुठलंही माणूस खेकसतं. बैलालासुद्धा आपण दुपारचं सोडतो. कधीतरी मनात येतं, ‘देवा, सोडव आता यांना.’ आणि लगेच आपण पापी आहोत असं वाटतं. हा विचार आमच्यातल्या अनेकांच्या मनात येऊन गेलेला आहे. मंडळाच्या बैठकीत एकाने धीर करून सांगितलं, तेव्हा आणखी तिघांनी माना खाली घालून होकार दिला. त्या चौघांनीही आपापल्या माणसाचं शेवटपर्यंत नीट केलं होतं. थकलेल्या जिवाला सुटका हवी असते, त्यासाठी माया आटावी लागत नाही.

जखम झाली म्हणजे तुम्ही हयगय केली असंही नाही. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर सतत दाब पडतो, तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात. दिवसा-रात्री मिळून बारा वेळा, तेही साठ-सत्तर किलोचं माणूस, आणि हात दोनच. हा हिशेब एका माणसाचा नाहीच. तेव्हा स्वतःच्या बीपीची गोळी वेळेवर घ्या, एक भाकरी तरी तव्यावरून थेट ताटात येऊ द्या, आणि कुणी ‘तू बस, मी बघतो’ म्हटलं तर ‘नको, राहू द्या’ म्हणू नका. सोन्यासारखी सून व्हायला तुम्हाला सांगितलंय कुणी? साधी सून पुरे आहे.

पुरुषांनाही हे लागू आहे. शेजारच्या गावात एक काका आहेत, बायकोला पार्किन्सन. साठीनंतर ते वेणी घालायला शिकले. लोक कौतुक करतात, पण त्यांची जागा घेऊन एक तास बसायला कुणी जात नाही.

आमचं ठरलं आहे ते असं. प्रत्येक स्वयंसेवकाने आठवड्यातून दोन तास एका ठरलेल्या घरी जायचं. त्या वेळात घरची व्यक्ती झोपेल, देवळात जाईल, बँकेचं काम करेल किंवा नुसती ओट्यावर बसेल. कुठे गेली होती ते विचारायचं नाही. आखाजीच्या आठवड्यात मात्र पाळ्या लावून दोन पूर्ण दिवस भरून काढायचे आहेत, म्हणजे ज्यांना जायचं त्यांना माहेरी एक मुक्काम करता येईल. रात्रीची पाळी दोघांची राहील. घरात बाई आजारी असेल तर त्यातली एक बाईच असेल. आखाजीला पुरुष मंडळी पत्ते कुटायला मोकळी असतात हे काही गुपित नाही. एक डाव सोडून या, एवढंच म्हणणं आहे.

त्याआधी शिकवणी होईल. आशाताई (गावातल्या आशा सेविका) आणि आमच्यातल्या निवृत्त परिचारिका शिकवणार आहेत: चादरीच्या आधाराने कूस कशी बदलायची, लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली का ठेवायची, पाणी पाजताना माणसाला टेकवून उठतं का बसवायचं. आडवं ठेवून पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. नळी बदलणं, इंजेक्शन, औषधाचा डोस कमी-जास्त करणं, यातलं काहीही स्वयंसेवकाने करायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. काढा सुचवायचा नाही. आणि त्या घरी चहा घ्यायचा नाही, आग्रह झाला तरी.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली दुखण्यातल्या माणसांसाठी एक छोटं केंद्र सुरू झालं. पुढे मलप्पुरम आणि आजूबाजूच्या भागात आठवड्याला दोन तास देणारी साधी माणसं शिकून तयार झाली: शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार. २००८ साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच केलं. त्यांना जमलं ते सगळं आपल्याला जमेल असा दावा नाही. दोन तास जमतील.

आता वस्तूंचं. गावात कितीतरी घरांच्या माळ्यावर वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, उंच-खाली होणारी लोखंडी कॉट पडून आहे. माणूस गेलं की ती वस्तू नजरेसमोर नको वाटते, आणि दुसऱ्याला द्यावी तर अपशकुन होईल की काय, ही भीती. माझ्या आईची खुर्ची मीही वर्षभर पोत्यात गुंडाळून ठेवली होती. शेवटी एका ओळखीच्या घरी दिली. त्या घरातले आजोबा आता तिच्यावर बसून सकाळचं ऊन खातात, आणि आमच्याकडे काही अशुभ घडलेलं नाही. अशा वस्तू आम्हाला द्या. धुऊन, दुरुस्त करून, वहीत नोंद करून लागेल त्या घरी बिनभाड्याने देऊ, काम झालं की परत आणू.

पैसे दोन गोष्टींसाठी लागतील. हवा भरणाऱ्या गाद्या, ज्यात कप्पे आळीपाळीने फुगतात आणि दाब एकाच जागी राहत नाही. मेडिकलवर विचारलं तर साधी गादी तीन हजारांच्या आसपास मिळते. आणि मोठ्यांचे डायपर. दिवसाला तीन लागले, एक तीस-पस्तीसला पडला, तरी महिन्याचे तीन हजार होतात. मजुरीवर जाणाऱ्या घराने हे कुठून आणायचे? अशा घरांत दिवसभर जुन्या लुगड्यांचे तुकडे धुणं चालतं. ज्यांना जमेल त्यांनी एका घराचा एक महिना उचलावा. पन्नास रुपयेही चालतील. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि दर महिन्याचा हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल.

सरकारी सोयींचे कागद करायलाही मदत हवी आहे. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, घरच्या गादीला आणि डायपरला नाही. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सनही त्यात येतो, तरी कित्येक घरांनी दाखलाच काढलेला नाही. मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या पोरा-पोरींनी इथे हात द्यावा. आणि रात्री-अपरात्री सांभाळणाऱ्याचाच जीव घाबरा झाला, रडू आवरेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७. दोन्ही नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

सुरत-पुण्याच्या मंडळींना वेगळी विनंती. आखाजीला गावी याल तेव्हा आमरस खाऊन दुपारी आडवं होण्याआधी घरात सांभाळणाऱ्या वहिनीला किंवा भावाला दोन दिवस बाहेर काढा आणि त्यांच्या जागी स्वतः राहा. आईची कूस बदलायला सुरतहून येणाऱ्या हातांनाही येते.

नावं द्यायला येत्या रविवारी संध्याकाळी सहाला वाचनालयात या. ज्यांना मदत हवी आहे पण सांगायला संकोच वाटतो, त्यांनी आशाताईंच्या कानावर घातलं तरी पुरे, नाव बाहेर जाणार नाही. बैठक तासाभराची आहे. चहा मिळेल, तो मात्र मंडळाकडून.

आपला,
चिटणीस